साखरेचा त्याग : तीन ऐतिहासिक प्रसंग व त्यांचे परिणाम

१

मराठी भाषेत शुभवार्तेला साखरेची सोबत असते. विवाह निश्चित झाला की साखरपुडा, परीक्षेत यश मिळाले की पेढे, चांगली बातमी आणणाऱ्यास ‘तुमच्या तोंडात साखर पडो’ असा आशीर्वाद, असा आपल्याकडील प्रघात आहे. ज्या समाजाच्या भाषेत गोड हा शब्द रुचीचा आणि सुखाचाही वाचक आहे, त्या समाजात साखरेचा त्याग हा विषय प्रथमदर्शनी विरक्तीचा वाटणे साहजिक होय. परंतु इतिहासात साखर सोडण्याचे जे मोठे प्रसंग घडले त्यांचा विरक्तीशी फारसा संबंध नव्हता आणि आरोग्याशी तर त्याहूनही कमी होता. या प्रसंगांचे परिणाम कोणते झाले व ते कोणाच्या वाट्यास आले, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम शब्दाचा विचार करावा. ‘साखर’ हा शब्द संस्कृत ‘शर्करा’ या शब्दापासून आला. ‘शर्करा’ या शब्दाचा जुना अर्थ वाळूचे खडे, कंकर असा आहे. उसाचा रस आटवून त्याचे कण पाडण्याची कला भारतात सिद्ध झाली, तेव्हा त्या कणांना खड्यांचेच नाव मिळाले. हाच शब्द फारसीत ‘शकर’ व अरबीत ‘सुक्कर’ होऊन युरोपातील बहुतेक भाषांत गेला. ‘खंड’ या शब्दानेही असाच प्रवास केला व अरबी ‘कंद’च्या द्वारे तो इंग्रजीत ‘कँडी’ झाला. म्हणजे वस्तू आणि तिचे नाव ही दोन्ही भारताने जगाला दिली. उलट शुभ्र, स्वच्छ केलेली साखर भारतात परत आली ती परकी नावे घेऊन. हिंदीतील ‘चीनी’ हे नाव चीनचे, ‘मिस्री’ हे मिसरचे म्हणजे इजिप्तचे. आणि गुजरातीत रूढ असलेले व जुन्या मराठीतही आढळणारे ‘मोरस’ हे नाव मॉरिशस बेटाचे. या शेवटच्या नावाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

‘वरून घातलेली साखर’ ही कल्पना मात्र अगदी अलीकडील आहे. फळात किंवा दुधात मुळातच असलेली साखर वेगळी आणि पदार्थ करताना, पेय ढवळताना किंवा कारखान्यात माल तयार होताना त्यात मिसळली जाणारी साखर वेगळी, हा भेद आहारशास्त्राने विसाव्या शतकात स्पष्ट केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा मोकळ्या साखरेचे प्रमाण एकंदर आहाराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावे व शक्य तर ते ५ टक्क्यांखाली आणावे, असे सांगितले आहे. या हिशेबात मध आणि फळांचा काढलेला रस हेही येतात. गूळ, काकवी आणि खडीसाखर हीदेखील मोकळी साखरच होत. तेव्हा साखरेऐवजी गूळ घेणे हा रुचिपालट आहे, त्याग नव्हे.

अशी साखर सोडल्याने काय होते? एकेका व्यक्तीवर केलेले प्रयोग या प्रश्नाचे मर्यादित उत्तर देतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात अनेक प्रयोग एकत्र तपासले असता, साखर कमी करणाऱ्या प्रौढांचे वजन सरासरीने सुमारे ०.८ किलोग्रॅमने घटल्याचे दिसले. मात्र साखरेच्या जागी तितक्याच उष्मांकांचे दुसरे पिष्टमय अन्न घेतले असता वजनात फरक पडला नाही. हे प्रयोग काही आठवड्यांचे वा महिन्यांचे असतात. पन्नास वर्षांनी काय होईल हे त्यांतून कळत नाही. तेवढा दीर्घ प्रयोग कोणतीही प्रयोगशाळा करू शकत नाही. तो इतिहासच करतो, आणि बहुधा काही भलत्याच कारणासाठी करतो.

२

पहिला मोठा प्रसंग इंग्लंडातील १७९१-९२ सालचा होय. वेस्ट इंडीज बेटांतील उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत होते. गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी विल्बरफोर्सने मांडलेला प्रस्ताव एप्रिल १७९१ मध्ये पार्लमेंटने १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला. कायद्याचा मार्ग असा खुंटल्यावर त्याच वर्षी विल्यम फॉक्स याने एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध करून वेस्ट इंडीजची साखर व रम वर्ज्य करण्याचे आवाहन केले. पुस्तिकेचे बळ तिच्यातील अंकगणितात होते. आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती सोडली, तर एका माणसाचे दास्य किंवा मृत्यू टळेल, असा हिशेब फॉक्सने मांडला. हा हिशेब शास्त्रशुद्ध होता असे म्हणता येणार नाही. परंतु दूर देशातील अन्याय त्याने न्याहारीच्या टेबलावर आणून ठेवला.

क्लार्कसन या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याने १८०८ साली लिहिलेल्या इतिहासात, सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली होती, असा अंदाज दिला आहे. हा त्याग मुख्यतः घरातला असल्यामुळे तो स्त्रियांच्या हाती होता. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, त्यांना स्वयंपाकघरात मत देता आले. चळवळीचा बोलबाला इतका झाला, की जेम्स गिलरे याने मार्च १७९२ मध्ये राजा तिसरा जॉर्ज व राणी शार्लट यांचे व्यंगचित्र काढले. त्यात राजा आणि राणी बिनसाखरेच्या चहाची वाखाणणी करीत आहेत व राजकन्या मात्र तोंडे वाकडी करून बसल्या आहेत. राणीला गुलामांपेक्षा खर्चातील बचतीचे कौतुक अधिक, हा त्यातील टोमणा होता.

परिणाम कोणता झाला? १७९१ च्या ऑगस्टमध्ये सँ दोमँग या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी उठाव केला व साखरेचे भाव कडाडले. त्यामुळे किती लोकांनी साखर विवेकाने सोडली व किती जणांनी महागाईने, हे वेगळे काढणे कठीण आहे. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर चळवळ ओसरली. १८२४ नंतर एलिझाबेथ हेरिक प्रभृतींनी ती पुन्हा उभी केली. त्या काळात, ही साखर पूर्वेकडील असून गुलामांनी केलेली नाही, असा मजकूर असलेली साखरेची भांडी इंग्रज घरांत दिसू लागली. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये आणि ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने बंद झाली. या यशात साखरत्यागाचा वाटा लोकमत घडविण्यापुरता तरी निश्चित आहे. परंतु साखरेचा खप काही घटला नाही. १८४६ च्या कायद्याने जकातीतील भेद काढण्यास आरंभ केला, तेव्हा क्यूबा व ब्राझील येथील गुलामांनी पिकविलेली साखर इंग्लंडात स्वस्त दराने येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये दरडोई वर्षाला सुमारे १८ पौंड साखर खपत असे. त्या शतकाच्या अखेरीस हे प्रमाण सुमारे ९० पौंडांवर गेले. गुलामाचे दास्य सरले, खाणाऱ्याची आसक्ती मात्र वाढली.

३

गुलामगिरी संपली तरी मळ्यांना मजूर हवेच होते. १८३४ पासून भारतातील करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊ लागले व पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. त्यांतील बहुसंख्य बिहार व मद्रासकडील होते. परंतु मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व कोकणपट्टीतील मराठी भाषकही होते. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज मॉरिशसमध्ये आजही आहे. ‘मोरस’ या शब्दाचे मर्म येथे उलगडते. मुंबई इलाख्याच्या बाजारात ज्या साखरेला हे नाव मिळाले, तिच्या उसावर मराठी हातांचेही घाम गळले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हीच परदेशी साखर त्याज्य ठरली. बंगालच्या फाळणीविरुद्ध ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यात बहिष्काराचा ठराव झाला व ऑक्टोबरमध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली. कापडाच्या खालोखाल बहिष्काराचे लक्ष्य परदेशी मीठ व साखर हे होते. साखरेच्या बाबतीत आर्थिक युक्तिवादाला धार्मिक युक्तिवादाची जोड मिळाली. त्या काळी कारखान्यांत साखर शुभ्र करण्यासाठी हाडांच्या कोळशातून तिचा पाक गाळीत, हे खरे होते. ज्याला परकीय सत्तेचे अर्थशास्त्र समजत नव्हते, त्यालाही हाडांचा विटाळ समजत होता. त्यामुळे कित्येक घरांत देवाच्या नैवेद्यातून परदेशी साखर गेली आणि तिची जागा गुळाने व देशी खांडसरीने घेतली.

या त्यागातही साखरेचा गोडवा दोषी नव्हता, दोषी होते तिचे कूळ. बहिष्कार परक्या साखरेवर होता, साखरेवर नव्हता. म्हणून त्याचा परिणामही त्याच दिशेने झाला. परदेशी साखरेची आयात तत्काळ थांबली नाही; जावा बेटातील स्वस्त साखरेमुळे ती पहिल्या महायुद्धापर्यंत वाढतच राहिली. परंतु आपली साखर आपण करावी ही आकांक्षा रुजली आणि १९३२ मध्ये साखरधंद्यास जकातीचे संरक्षण मिळताच तिला फळ आले. देशातील आधुनिक साखर कारखान्यांची संख्या सुमारे ३० वरून चार वर्षांत १३० च्या पुढे गेली. १९५० साली प्रवरा येथे विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नाने सहकारी कारखाना उभा राहिला आणि महाराष्ट्राच्या ग्रामजीवनाला नवे केंद्र लाभले. साखर सोडण्याच्या व्रतातून साखर पिकविणारा प्रदेश निर्माण व्हावा, ही इतिहासाची गंमत आहे. पण तीत विसंगती नाही. व्रताचा हेतूच तो होता.

४

पहिल्या दोन प्रसंगांत लोकांनी साखर आपखुशीने सोडली. तिसऱ्या प्रसंगी ती सोडण्याचे कोणाच्या मनात नव्हते. ती मिळेनाशी झाली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्गे येणारी साखर अनेक देशांत दुर्मीळ झाली. जपानमध्ये युद्धापूर्वी माणशी वर्षाला सुमारे १५ किलोग्रॅम साखर खपत असे, ती १९४६ साली ०.२ किलोग्रॅमवर आली. नॉर्वेतही तिचा तुटवडा होता. या दोन्ही देशांतील दंतवैद्यांना पुढे एक गोष्ट आढळली. मुलांच्या दातांची कीड त्या वर्षांत स्पष्टपणे कमी झाली होती, आणि साखर पुन्हा मिळू लागल्यावर काही वर्षांच्या अंतराने ती पुन्हा वाढली. साखरत्यागाचा हा सर्वांत निर्विवाद परिणाम म्हणावा लागेल. दातावरील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताचे कवच झिजविते, ही प्रक्रिया ज्ञात असल्यामुळे येथे कार्यकारणाविषयी फारशी शंका उरत नाही.

मधुमेहाची गोष्ट इतकी सरळ नाही. या रोगात मूत्र मधासारखे गोड होते हे चरक व सुश्रुत यांच्या संहितांना ठाऊक होते, आणि ‘मधुमेह’ हे नाव त्या निरीक्षणाची साक्ष देते. परंतु नावातील मध हा रोगाचे लक्षण आहे; तो त्याचे कारण आहे असे नावावरून ठरत नाही. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असता, उपासमारीच्या काळात मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे बूशार्दा या फ्रेंच वैद्याने नोंदविले होते. पण वेढ्यात साखरेबरोबर भाकरी, मांस, लोणी सारेच आटले होते. युद्धकाळातील प्रत्येक निरीक्षणास हीच अडचण येते. अनेक गोष्टी एकदम कमी झाल्या असता श्रेय कोणत्या एकीला द्यावे?

५

या अडचणीतून वाट निघाली ती ब्रिटनच्या शिधावाटपाच्या इतिहासातून. तेथे जानेवारी १९४० मध्ये साखर, लोणी व डुकराचे खारवलेले मांस यांचे शिधावाटप सुरू झाले. साखरेचा शिधा आरंभी माणशी आठवड्याला १२ औंस होता, पुढे तो बहुतेक काळ ८ औंस म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम राहिला. जुलै १९४२ पासून गोळ्या व चॉकलेट यांनाही शिधापत्रिका लागू झाली. युद्ध १९४५ मध्ये संपले, पण परकीय चलनाच्या टंचाईमुळे साखरेवरील नियंत्रण उठले नाही. १९४९ च्या एप्रिलमध्ये गोळ्या-चॉकलेटे खुली करून पाहिली, तर मागणी इतकी उसळली की ऑगस्टमध्ये नियंत्रण पुन्हा आणावे लागले. अखेर फेब्रुवारी १९५३ मध्ये मिठाई व सप्टेंबर १९५३ मध्ये साखर नियंत्रणमुक्त झाली. दरडोई खप रोजच्या सुमारे ४० ग्रॅमवरून अल्पावधीत सुमारे ८० ग्रॅमवर, म्हणजे दुपटीवर गेला.

इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट ही, की साखरेचा खप एका ठरावीक महिन्यानंतर दुप्पट झाला, परंतु इतर बहुतेक अन्नपदार्थांच्या खपात त्या वेळी तशी उडी दिसत नाही. वेढ्यात किंवा दुष्काळात न मिळणारी एक स्वच्छ सीमारेषा येथे आपोआप आखली गेली. या रेषेच्या अलीकडे व पलीकडे जन्मलेली मुले एकाच देशातील, एकाच पिढीतील होती. ती साठीत पोचल्यावर त्यांची तुलना करणे शक्य झाले. ग्रॅक्नर, बून आणि गर्टलर या संशोधकांनी ऑक्टोबर १९५१ ते मार्च १९५६ या काळात जन्मलेल्या सुमारे ६० हजार व्यक्तींची वैद्यकीय माहिती तपासली व आपले निष्कर्ष २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस ज्यांचे शिधावाटपाच्या काळात गेले, त्यांना पुढे प्रौढपणीचा मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व उच्च रक्तदाबाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांना हे रोग झाले, त्यांनाही ते अनुक्रमे सुमारे चार व दोन वर्षे उशिरा झाले. धोका कमी होण्यातील सुमारे एकतृतीयांश वाटा केवळ गर्भावस्थेचा होता. म्हणजे मातेच्या आहाराचा होता.

या निष्कर्षांच्या मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. हा ठरवून केलेला प्रयोग नव्हे. प्रत्येक मुलाने किती साखर खाल्ली याची नोंद नाही, आणि ज्या संग्रहातून माहिती घेतली त्यात स्वेच्छेने सहभागी झालेले लोक एकंदर लोकसंख्येपेक्षा अधिक निरोगी आहेत. तरीही सीमारेषा इतकी ठळक आहे, की साखरेचा संबंध सहजासहजी नाकारता येत नाही. त्याचप्रमाणे हेही लक्षात घ्यावे, की शिधावाटपाच्या काळात साखर शून्य नव्हती. आज जे प्रमाण हितकर म्हणून सांगितले जाते, साधारण त्याच्याच आसपास ती होती. सर्वस्वी त्यागाने नव्हे, तर मर्यादेने हा परिणाम घडला.

६

तिन्ही प्रसंग एकत्र ठेवले असता एक गोष्ट स्पष्ट होते. साखर सोडण्याचा हेतू आणि तिच्या त्यागाचा देहावरील परिणाम यांची गाठ एकदाही पडली नाही. इंग्लंडातील कुटुंबांनी साखर सोडली ती गुलामासाठी, महाराष्ट्रातील व बंगालमधील घरांनी सोडली ती स्वराज्यासाठी. दोन्ही त्याग उदात्त होते व दोन्हींचे फळ सार्वजनिक जीवनात मिळाले. पण दोन्ही अल्पायुषी ठरले आणि त्यांच्यामागून साखरेचा खप वाढतच गेला. उलट ज्या प्रसंगी कोणी व्रत घेतले नव्हते, लोक रांगेत उभे राहून कुरकुरत होते व नियंत्रण उठताच दुकानांकडे धावले, त्याच प्रसंगी शरीराला दीर्घकाळ टिकणारा लाभ झाला. तो लाभ कुरकुरणाऱ्यांपेक्षा त्यांच्या कडेवरील व पोटातील मुलांना अधिक झाला. त्या मुलांना कोणी विचारले नव्हते, आणि आपणास काय मिळाले हे त्यांना सत्तर वर्षे कळले नाही.

याचा अर्थ शिधावाटप पुन्हा आणावे असा नव्हे. व्रतापेक्षा परिस्थिती अधिक टिकते, एवढाच त्याचा अर्थ आहे. घरात साखर किती येते, बाजारातील मालात ती किती मिसळलेली असते, पाहुण्यापुढे काय ठेवणे शिष्टसंमत असते, या गोष्टी एकेकट्या माणसाच्या निग्रहापेक्षा बलवत्तर ठरतात. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न अवघड आहे, कारण येथे ऊस हा लक्षावधी कुटुंबांच्या चरितार्थाचा आधार आहे. आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. या दोन वस्तुस्थितींपैकी एकीकडे डोळेझाक करून दुसरीचा विचार करणे योग्य नव्हे.

मात्र इतिहासाने दाखविलेली एक मर्यादित वाट सर्वांना खुली आहे. डोहाळजेवण, बारसे, उष्टावण हे आपले संस्कार गर्भावस्थेच्या व शैशवाच्या नेमक्या त्याच हजार दिवसांत येतात. उष्टावणाच्या दिवशी मुलाच्या ओठाला लावलेली चमचाभर खीर हा संस्कार आहे. तिने कोणाचे आरोग्य बिघडले असे इतिहास सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून रोजच्या दुधात साखर, पेजेत साखर आणि रडू आवरण्यासाठी हातात बिस्किट, ही मात्र सवय आहे. संस्कार आणि सवय यांतील हा भेद वडील माणसांनी ओळखला, तर ज्याला अद्याप ‘गोड’ हा शब्दही उच्चारता येत नाही, त्याच्या पुढील पन्नास वर्षांचे हित त्यातून साधण्यासारखे आहे. मुलाला स्वतः व्रत घेता येत नाही; ते त्याच्या वतीने घरालाच घ्यावे लागते.